सातपैकी चार

ड्वॉर्फ फोर्ट्रेस नावाच्या गेममध्ये पाणी आकड्यांत मोजतात. नकाशा चौकटींचा, आणि प्रत्येक चौकटीत पाणी १ ते ७. १ म्हणजे नुसते तळवे ओले. ४ झालं की बुटका (गेममधली माणसं म्हणजे हे बुटके) तिकडे आपणहून पाऊल टाकत नाही. काम निम्म्यावर सोडून मागे फिरतो. ७ म्हणजे छताला टेकलेलं पाणी. पोहता येत नसेल तर निकाल लागायला वेळ लागत नाही, आणि पडद्यावर एक कोरडी ओळ उमटते: अमका बुडून मेला. गेम पुढे चालू.

रात्री मी हा गेम खेळते आणि पहाटे कादंबरी लिहिते. मधल्या वेळात एका कंपनीत लोकांचे पगार काढते. कादंबरी एकाच दिवसाची आहे, १२ जुलै १९६१, बुधवार. पुणेकरांना तारखेवरूनच कळलं असेल. इतरांसाठी थोडक्यात: आंबी नदीवर पानशेतचं मातीचं धरण बांधून होत आलं होतं. काम पुरतं झालेलं नसताना त्या पावसाळ्यात ते भरलं. आदल्या रात्री लष्कराचे जवान तिथे वाळूची पोती रचत होते. सकाळी धरण फुटलं. ते पाणी खाली खडकवासल्यात आलं, आणि ब्रिटिशांच्या काळातलं ते दगडी धरणही टिकलं नाही. मुठेच्या काठच्या पेठांमधले मातीचे वाडे बसत गेले. लकडी पूल पाण्याखाली गेला. शहराला पिण्याचं पाणी खडकवासल्याचं, त्यामुळे पूर ओसरल्यावर पुण्यात चिखल भरपूर आणि प्यायला पाणी नाही अशी अवस्था. जुने हौद आणि वाड्यांतले आड पुन्हा कामाला लागले.

कादंबरी लिहिते म्हटलं की लोक कौतुकानं बघतात. गेम खेळते म्हटलं की तेच लोक मुलांच्या शाळेचा विषय काढतात. दोन्ही एकाच खुर्चीत, एकाच लॅपटॉपवर, तेवढाच चहा पिऊन होतं, पण एकाला साधना म्हणायचं आणि दुसऱ्याला टाइमपास. मला हे वर्गीकरण पटत नाही, कारण माझ्या कादंबरीतला सगळ्यात कठीण प्रश्न मला त्या टाइमपासनेच दाखवून दिला.

आधी गेमबद्दल थोडं, कारण कादंबरीबद्दल बोलायला लोक एरवीही तयार असतात. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या दोन अमेरिकन भावांनी तो केला. २००६ साली फुकट उपलब्ध करून दिला आणि पुढची सोळा वर्षं लोकांच्या देणग्यांवर चालवला. तेव्हा पडद्यावर चित्रं नव्हतीच, नुसती अक्षरं आणि खुणा. मांजर म्हणजे इंग्रजी सी, कुत्रा म्हणजे डी. खेळणाऱ्याला हळूहळू त्या अक्षरांत मांजर दिसायला लागायचं. डिसेंबर २०२२ मध्ये चित्रांसकट आवृत्ती स्टीमवर, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानात, विकायला आली आणि माझ्यासारख्या आळशी लोकांची सोय झाली.

तुमच्या ताब्यात सात बुटके असतात आणि एक डोंगर. खणायचं, राहायचं, दारू गाळायची (त्यांना ती लागतेच), वस्ती वाढवायची. जिंकण्याची अट नाही. हरणं मात्र नक्की. हरण्यातच मजा आहे हे या गेमचं ब्रीद, आणि हरण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे पाणी.

होतं असं. वस्तीला विहीर हवी असते. जवळ नदी असते. तुम्ही नदीपासून डोंगराच्या पोटात बोगदा खणत आणता आणि शेवटची भिंत फोडायला एका बुटक्याला पाठवता. तुमच्या मनात पाणी शहाण्यासारखं येऊन हौदात बसणार असतं. पण या गेममध्ये पाण्याला दाब आहे. नदी वरच्या मजल्यावर असेल तर पाणी खाली उतरतं, आणि वाट मिळाली की पुन्हा नदीच्या पातळीपर्यंत वर चढतं. विहिरीच्या तोंडातून ते बाहेर पडतं, जेवणघरात पसरतं, जिन्यावरून झोपायच्या खोल्यांत उतरतं. आकडे दिसत राहतात: २, ३, ३, ५. यावरचा उपाय मुरलेल्या खेळाडूंना ठाऊक असतो. बोगद्यात एका ठिकाणी वाट तिरकी खणायची, म्हणजे चौकटी फक्त कोपऱ्याला कोपरा लागून जोडल्या जातील. तिरक्या वाटेनं पाणी जातं, पण त्याचा दाब जात नाही. खऱ्या जगात असलं काही नसतं. गेमच्या जगात मात्र ती एक तिरकी चौकट अख्खी वस्ती वाचवते.

हा बोगदा मला एका मुलानं शिकवला. त्याचं टोपणनाव डिंकलाडू. मूळचा सांगलीचा, सध्या जर्मनीत शिकतो. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर या गेमचे मराठी खेळाडू रात्री जमतात, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातल्या कुणालाही मी प्रत्यक्ष भेटलेले नाही. कोण काय शिकलंय, कुणाच्या घरी काय चाललंय हे मात्र मला माझ्या सोसायटीतल्या लोकांपेक्षा यांचं जास्त ठाऊक आहे. तोंडं दिसत नाहीत, ऐकू येतो तो माउसचा आवाज, कुणाच्या तरी मागे वाजणारी कुकरची शिट्टी आणि मध्येच, “थांबा, माझी गाय बुडाली.”

डिंकलाडूला मी एकदा कादंबरीबद्दल बोलले आणि मग प्रकरणं पाठवायला लागले. एकेक, जसं होईल तसं. पुढच्या प्रकरणासाठी तगादा लावणारं माणूस असलं की लिहिणं हलतं. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या ‘करमणूक’मधून हप्त्याहप्त्यानं येत, आणि ते साप्ताहिक १८९० चं आहे, तेव्हा यात नवीन काही नाही. फरक इतकाच की हरिभाऊंना रात्री एक वाजता, “ताई, म्हातारी दारात उभी राहून इतकं का बोलते? पाणी येतंय ना?” असा निरोप येत नसणार.

त्याआधी एका वर्षी मी नॅनोरायमो करून बघितलं होतं. नोव्हेंबरच्या तीस दिवसांत पन्नास हजार शब्द, म्हणजे रोजचे १,६६७. १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात एकवीस जणांनी हा खेळ पहिल्यांदा केला, तेव्हा तो जुलैत होता. दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरमध्ये नेला, कारण तिकडे तेव्हा हवा वाईट असते आणि माणूस घरात बसतो. पुण्यात नोव्हेंबर म्हणजे वर्षातली सगळ्यात छान हवा, आणि बऱ्याचदा दिवाळी. एका हातानं चकलीचा सोऱ्या फिरवताना दुसऱ्या हातानं शब्द मोजणं कुणाला जमत असेल तर तिला माझा नमस्कार. ती संस्था २०२५ मध्ये बंद झाली. मला वाईट वाटलं. शब्दांची घाई मला कधी मानवली नाही, पण जगभर हजारो माणसं एकाच महिन्यात कुणी न सांगता वाईट कादंबऱ्या लिहीत बसली आहेत ही कल्पना मला फार आवडायची.

आता प्रश्नाकडे येते.

माझ्या पहिल्या खर्ड्यात एक इंजिनियर होता. रात्री धरणावर हजर. त्याला सगळं दिसतं: बांध कुठे खचतोय, पाणी किती चढलंय, पोती कुठे कमी पडतायत. प्रकरण चांगलं झालं होतं, असं माझं आजही मत आहे. त्यासाठी मी पुष्कळ वाचलं होतं. जुन्या पुण्याच्या फोटोंचा एक गट आहे, तिथे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका भेटले, त्यांनी मला धरणाच्या पोटातलं बांधकाम लांबलचक व्हॉइस नोटमधून समजावलं होतं. पार्श्वभूमीला त्यांचा नातू रडत असायचा आणि काका शांतपणे विमोचकाची, म्हणजे धरणातून पाणी सोडायच्या वाटेची, कमान कशी बांधतात ते सांगत असायचे.

डिंकलाडूनं ते प्रकरण वाचलं आणि म्हणाला, “ताई, हे तुम्ही गेमसारखं लिहिलंय.”

मी म्हटलं, “म्हणजे कसं?”

“वरून.”

गेममध्ये मी वरून बघते. माझा बुटका त्याच्या खोलीत झोपलेला असतो, आणि दोन भिंतींपलीकडे पाणी ३ वरून ४ झालेलं मला दिसतं. मी गेम थांबवू शकते. चहा करून येऊ शकते. त्या थांबलेल्या क्षणात कुणाला हलवायचं, कुठलं दार बंद करायचं, कुणाला सोडून द्यायचं ते ठरवू शकते. हा देवपणा हेच गेमचं सुख आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण १९६१ च्या त्या सकाळी नारायण पेठेत असा वरून बघणारा कुणी नव्हता. धरण चाळीसेक किलोमीटर लांब. शहरात दुधाची गडबड, शाळेची गडबड, पाऊस. ज्या क्षणी मी वाचकाला धरणावर नेते, त्या क्षणी वाचक माझ्याशेजारी वर येऊन बसतो, आणि खालच्या वाड्यातली माणसं बुटकी होतात.

आमच्यात यावर बराच वाद झाला. माझं म्हणणं, पूर येणार हे वाचकाला ठाऊक असतंच. पुस्तकाच्या पाठीवरच ते छापलेलं असणार (पुस्तक निघालंच तर), मग लपवायचं काय? त्याचं म्हणणं वेगळं होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो सांगलीत होता. सांगलीत पुराची भाषा फुटांची. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट, एवढंच सगळं गाव एकमेकांना विचारतं. ४० ला इशारा, ४५ ला धोका. त्या वर्षी ते ५७ च्या वर गेलं. “आम्हाला आकडा माहीत होता ताई. दर तासाला मोबाइलवर येत होता. आकड्यावरून आम्ही फ्रिज वर चढवला, मग सोफा, मग आजीला. कळत होतं, तरी त्या आकड्याचा अर्थ पाणी जिन्यात येईपर्यंत लागला नाही. तुमच्या लोकांकडे तर आकडाच नव्हता.”

मग मी आईकडे गेले. म्हणजे आई आमच्याकडेच असते. तिच्या खोलीत गेले. १९६१ साली ती नऊ वर्षांची होती, नारायण पेठेतल्या वाड्यात. तिच्याकडून पुराची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते, आणि गोष्टीतली आई मला नेहमी शहराएवढी मोठी वाटायची. या वेळी मी तिला गोष्ट सांगू दिली नाही. फक्त विचारत गेले, तू कुठे उभी होतीस, तिथून काय दिसत होतं?

“जिना,” आई म्हणाली. “जिन्याच्या पायऱ्या.”

“आणि नदी?”

“नदी कुठली दिसायला? मधे तीन वाडे. पायऱ्या दिसत होत्या. तिसऱ्या पायरीवर नानांच्या चपला होत्या, त्या तरंगायला लागल्या.”

“मग?”

“मग आजीनं पिठाचा डबा माळ्यावर ढकलला. आम्हाला नाही, डबा आधी. आणि नाना सायकल वर आण, सायकल वर आण म्हणून ओरडत होते. नवी होती. कुणी आणेना. सगळे माळ्यावर.”

“पूर आलाय हे कुणी सांगितलं?”

आईनं बराच विचार केला. “कुणी असं नाही सांगितलं. पळा पळा ऐकू येत होतं. कशापासून ते नंतर कळलं. कुणी म्हणे गॅसची टाकी फुटली.”

एवढंच. नदी नाही, पूल नाही, धरण तर नाहीच. चार पायऱ्या आणि एक पिठाचा डबा. जुन्या फोटोंच्या त्या गटात मी मग हाच प्रश्न टाकला: तुम्ही कुठे उभे होतात, तिथून काय दिसत होतं? उत्तरं आली ती जवळजवळ सगळी अशीच. कुणी पाणी पायऱ्यांवर मोजलेलं, कुणी खिडकीच्या गजांवर, कुणी देवळीतल्या कंदिलावरून. एका आजोबांनी लिहिलं की त्यांच्या लक्षात फक्त वास आहे, रॉकेलचा, आणि वरून दिसणारे फोटो बघितले की हा पूर आपण बघितलेला नाही असंच त्यांना वाटतं. खाली लगेच कुणीतरी तारखेवरून भांडण काढलं, तिसऱ्यानं भलत्याच पुराचा फोटो चिकटवला, आणि धागा नेहमीच्या मार्गानं गेला. पण तोवर माझं काम झालं होतं.

इंजिनियरचं प्रकरण मी काढलं. काकांना कसं सांगावं हे कळेना. सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “हरकत नाही, कमान तुम्हाला समजली ना?” समजली होती.

वरून बघायचं नाही असं ठरवल्यावर गेम निरुपयोगी व्हायला हवा होता. झालं उलटंच. या गेममधला एक किस्सा खेळाडूंमध्ये प्रसिद्ध आहे. एका सुधारणेनंतर वस्त्यांमधली मांजरं मरायला लागली. कुणी मारत नव्हतं, रोग नव्हता. शोध घेतल्यावर निघालं ते असं: गुत्त्यात बुटके दारू पिताना ती जमिनीवर सांडते. मांजर तिथून चालत जातं, पंजे भिजतात. मांजराला पंजे चाटून साफ करायची सवय असते, तशी ती गेममध्येही घातलेली. चाटलेल्या थेंबाचा हिशेब मात्र अख्ख्या पेल्याएवढा धरला जात होता, आणि मांजराचं अंग ते केवढंसं. मांजरं दारू पिऊन मरत होती, दारूला तोंड न लावता.

मला या किश्श्यात बनवणाऱ्यांची चूक दिसतच नाही, मांजर दिसतं. गुत्त्याशी त्याचा काही संबंध नाही. कुणी काय सांडलं ते त्याला ठाऊक नाही. ते आपलं नेहमीचं काम करतंय. माझ्या वाड्यातली माणसं अशीच लिहायची आहेत हे मला तेव्हा उमगलं. कुठल्या तरी कचेरीत, कुठल्या तरी बैठकीत, या पावसाळ्यात पाणी साठवायचंच असं ठरतं, आणि नऊ वर्षांच्या मुलीच्या पुढ्यात तिसऱ्या पायरीवरच्या चपला तरंगायला लागतात. मधली साखळी पुस्तकात कुठेही न लिहिता ती पुस्तकभर आहे असं वाटायला हवं. ते मला अजून जमलेलं नाही, पण काय जमवायचंय ते तरी आता नीट माहीत आहे.

अ‍ॅडम्स बंधूंची एक पद्धत मी यासाठी उसनी घेतली आहे. ते आधी छोट्या गोष्टी लिहीत आणि मग बघत, की ही गोष्ट गेममध्ये आपोआप घडायची असेल तर त्यात काय काय असावं लागेल. मी उलट्या टोकानं करते. प्रकरण सुरू करायच्या आधी गेममध्ये तसा वाडा खणते: चौक, सोपा, जिना, माळा, मागचा आड. नदीकडची भिंत फोडते आणि पाणी कुठून कसं आत शिरतं ते बघते. पहिल्याच वेळेला पाणी रस्त्याकडून यायच्या आधी आडातून वर आलं. दाब! खऱ्या वाड्यात असं झालं असतं का, हे काकांना विचारलं. त्यांनी एक दीर्घ व्हॉइस नोट पाठवली, तिचा सारांश असा की गेमचं भूजलशास्त्र बंडल आहे, पण काठच्या आडांचं पाणी नदीबरोबर चढतं हे खरं. मग आईला विचारलं. आई म्हणाली, “आडाकडे कोण बघत बसलं होतं?”

तेव्हा आडही गेला. नाही, पूर्ण नाही गेला. वाड्यातली एक लहान मुलगी पहाटे पोहरा सोडते आणि दोर नेहमीपेक्षा लवकर सैल पडतो, एवढी एक ओळ ठेवली आहे. तिला त्याचं काही वाटत नाही.

कादंबरी छापली जाईल का, हा प्रश्न ऑफिसातले लोक आवडीनं विचारतात. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. माझी एक कादंबरी किती वर्षं चालली आहे हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी त्यावरच एक रहस्यकथा लिहिली असती. मला स्वतःला छपाईची फार ओढ नाही. रात्री कानाला हेडफोन लावून डोंगर खणणारी चार माणसं आहेत, त्यांतली दोन माझं वाचतात, एक भांडतो. बऱ्याच छापील लेखकांना भांडणारा वाचक मिळत नाही.

सध्या गाडी अडली आहे ती नानांपाशी. पुणेकरांना पूर बघायला पुलावर जायची जुनी खोड आहे. नदीला पाणी आलं की छत्र्या घेऊन माणसं कठड्याशी उभी राहतात. माझे कादंबरीतले नाना तसेच निघाले आहेत, सकाळी, लकडी पुलाकडे, नव्या सायकलवरून. (खरे नाना घरीच होते आणि सायकलपायी ओरडत होते, पण आईनं परवानगी दिली आहे.) गेम असता तर मी इथे थांबवला असता, त्यांना मागे वळवलं असतं. डिंकलाडूचं मत आहे की मी त्यांना वळवावं. मी त्याला म्हटलं, वरून बघायचं नाही हे तूच शिकवलंस ना? आता नानांना काय दिसतंय? पाऊस, गर्दी, पुढच्याची छत्री. परत फिरायला त्यांच्याकडे काही कारणच नाही.

बराच वेळ तिकडून काही आलं नाही. त्याच्या वस्तीत बहुतेक काहीतरी बुडत होतं. मग आलं: “ठीक आहे. पण सायकलला कुलूप लावायला लावा. तेवढ्यात कुणीतरी ओळखीचं भेटेल आणि बोलत बसतील.”

कुलपाची कल्पना चांगली आहे. उद्या तेच लिहिणार आहे. कोण भेटतं ते बघू.